शब्दचर्चा: अ‍ॅकॉर्डियनचे ‘बास’, ‘रीड’ आणि ‘कपलर’ म्हणजे नक्की काय?

सुगम_प्रेमी: मंडळी, भाच्यासाठी सेकंडहँड अ‍ॅकॉर्डियन बघतेय. वय १५, पेटी (हार्मोनियम) बरी वाजवतो, आता कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचंय म्हणे. एका जाहिरातीत लिहिलंय “१२० बास, ४ रीड, ११ कपलर, हँडमेड, जर्मन मेक”. पेटीमुळे हे सगळे शब्द ओळखीचे वाटतात, पण घरात वाद सुरू आहे. माझे मिस्टर म्हणतात १२० बास म्हणजे खर्ज जबरदस्त असणार. मला काही ते पटत नाहीये. आणि बास म्हणायचं की बेस?

पेटीमास्तर: ताई, बास म्हणा नाहीतर बेस म्हणा, दोन्ही चालतं, आमच्याकडे दुकानात बासच म्हणतात. पण मिस्टरांना सांगा, पेटीतला बास आणि अ‍ॅकॉर्डियनचा बास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेटीत बास-मेल म्हणतो (जुने लोक खर्ज-नर म्हणायचे) तेव्हा बास म्हणजे खालच्या सप्तकातल्या सुरांचा अख्खा संच. अ‍ॅकॉर्डियनमध्ये १२० बास म्हणजे डाव्या हाताची १२० बटणं, एवढंच. २० ओळी, प्रत्येक ओळीत ६ बटणं. त्यातली दोन सुट्या सुरांची, उरलेली चार तयार कॉर्डची (एका बटणावर एकत्र वाजणाऱ्या सुरांची): मेजर, मायनर, सेव्हन्थ, डिमिनिश्ड. आवाज किती खोल याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही.

आता खरी गंमत. सप्तकात सूर किती? १२. म्हणजे १२ ओळी झाल्या की सगळे षड्ज (ज्या सुराला सा धरून गायचं तो) आले, १२ गुणिले ६, ७२ बास. वरच्या ८ ओळींत नवीन सूर एकही नाही, तेच परत येतात, हाताला लांब उडी मारायला लागू नये म्हणून. त्यामुळे १२० म्हणजे ‘फुल’ आणि ७२ म्हणजे ‘अर्धवट’ हे जे बोललं जातं ते चूक आहे.

काळी_चार: मग छोटा घेतला तरी चालेल का? ३२ बासवाले स्वस्तात दिसतात.

पेटीमास्तर: तिथेच तर फसतात लोक. ३२ म्हणजे ८ ओळी गुणिले ४, म्हणजे १२ पैकी ४ षड्ज गायब. ओळी पंचमापंचमाने (शेजारची ओळ आधीच्या सुराच्या पंचमाची) लावलेल्या असतात आणि मधे पांढरी एक (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, म्हणजे सी) धरून दोन्हीकडे जातात (त्या बटणावर खळगा किंवा खडा असतो, बोटाला कळावं म्हणून). मग कडेचे कोण राहणार? बहुतेक वेळा काळी एक, काळी तीन, काळी चार. तिकडच्या, म्हणजे पाश्चात्त्य नवशिक्याची गाणी पांढऱ्या पट्ट्यांत असतात, त्याचं भागतं, आपल्याकडे भजनाचे बुवा काळी एक मागणार आणि तुमच्या नावातच काळी चार आहे 😄 स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून षड्ज बदलायची पेटीतली सोय) अ‍ॅकॉर्डियनला नसतो, सरकवून भागत नाही. म्हणून आपल्याकडे कमीत कमी १२ ओळी बघा. ४८ घेतला तर ओळी मोजून घ्या, १२ गुणिले ४ असेल तर ठीक.

वसईवाला: +१. साइज हा शब्द पण बासवरून न ठरवता अंगावरून ठरवावा. बसून वाजवताना वरचं टोक हनुवटीला लागता कामा नये, आणि भाता डाव्या मांडीवर टेकला पाहिजे. ४१ पट्ट्यांचा, १२० बासचा, चार रीडचा वाद्य १०-१२ किलोच्या आसपास जातो, १५ वर्षांच्या मुलाने तीन तास प्रॅक्टिस केली की खांद्याचं काय होतं ते आम्ही चर्चच्या क्वायरमध्ये बघितलंय. ३४ पट्ट्या ७२ बास त्याला मस्त. ज्यांचे हात लहान आहेत त्यांच्यासाठी ‘लेडीज साइज’ म्हणून येतो, पट्ट्या तेवढ्याच पण अरुंद, नावावर जाऊ नका, पुरुष पण वाजवतात.

सुगम_प्रेमी: बाप रे. मग ४ रीड म्हणजे? आमची पेटी तीन रीडची आहे, त्याहून एक जास्त एवढंच ना?

पेटीमास्तर: अर्थ तोच, म्हणजे प्रत्येक पट्टीला रीडचे (वाजणाऱ्या जिभांचे) किती संच ते, ओळख करून देतो. एलएमएमएच (लो, मिडल, मिडल, हाय) असं लिहिलेलं असतं. एल म्हणजे आपला खर्ज, एम नर, एच मादी, आणि एम दोनदा म्हणजे नर-नर. पण त्या दोन नरांतला एक मुद्दाम किंचित चढा लावतात, त्याने आवाज थरथरतो, त्याला म्युझेट ट्यूनिंग म्हणतात. जास्त थरथर असेल तर ‘वेट’ (wet, ओला), नसेल तर ‘ड्राय’ (कोरडा). गाण्याच्या साथीला ड्रायच बरा असं माझं स्पष्ट मत, गायकाचा सूर आणि ती थरथर भांडतात.

काळी_चार: एक मिनिट, दुकानदार मला म्हणाला “इसका वेट कम है”. मी समजलो हलका आहे 😂

वसईवाला: 😂😂 उचलून बघितला नाहीत का

पेटीमास्तर: हाहा. दोन्ही विचारायचे हो. आता कपलर. पेटीत कपलर म्हणजे एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली आपोआप दबते. अ‍ॅकॉर्डियनवर ज्याला कपलर म्हणतात (रजिस्टर किंवा स्विच पण म्हणतात) तो कुठली पट्टी ओढत नाही, रीडचे कोणते संच वाजायचे ते उघडतो-बंद करतो. म्हणजे खरं तर तो आपला स्टॉपर. ११ कपलर असले म्हणून ११ जास्तीचे आवाज नाहीत, त्याच चार संचांची जुळवाजुळव.

आणि ‘हँडमेड’ला तर फार जपा. पेटी हँडमेड म्हणजे अख्खी कारागिराने बनवलेली. अ‍ॅकॉर्डियनमध्ये हा शब्द रीडच्या दर्जाचा आहे, इटलीतल्या कास्तेलफिदार्दोकडून आलेला, तिथे ‘आ मानो’ म्हणजे हाताने केलेली रीड आणि ‘तिपो आ मानो’ म्हणजे हाताच्या *प्रकारची*, मशीनवरची पण चांगल्या पोलादाची. त्याखाली साधी मशीनची. जाहिरातीत तिन्हींना हँडमेड लिहून मोकळे होतात. शिकणाऱ्याला मधली भरपूर झाली.

काळी_चार: आणि जर्मन मेक? पेटीत ‘जर्मन सूर’ (जर्मनीची रीड) म्हटलं की किंमत वाढतेच.

पेटीमास्तर: पेटीत त्याला मान आहे, गुजरातेतल्या पालिताणा रीडलाही आहे. इथे नावापेक्षा मॉडेल विचारा. होनर कंपनी जर्मनीची, १८५७ पासूनची, पण त्यांची ब्राव्हो मालिका चीनमध्ये बनते. वाईट आहे असं नाही, फक्त ‘जर्मन मेक’चे पैसे देऊ नका.

दर्जा कानाने आणि हाताने बघायचा. पट्टा लावून उभं धरा, भाता सोडा, एकही बटण न दाबता तो भराभर उघडला तर हवा गळतेय. मग प्रत्येक पट्टी भाता ओढताना आणि ढकलताना वेगवेगळी ऐका, कारण एका सुराला दोन जिभा असतात, एक ओढायची, एक ढकलायची. ४१ पट्ट्या, ४ संच, दोन दिशा, नुसत्या उजव्या बाजूला ३२८ जिभा झाल्या. पेटीची रीड पितळेची, स्क्रूने बसवलेली. ही पोलादाची, मेणात बसवलेली. मुंबईच्या दमट हवेत गंजतात, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलं तर मेण सैल होऊन जागच्या हलतात. सगळं ट्यूनिंग परत करायचं म्हटलं तर वाद्याच्या किमतीएवढं बिल होऊ शकतं, आणि पेटीवाल्या प्रत्येकाला ते जमतं असंही नाही.

सुगम_प्रेमी: काका, खूप धन्यवाद. विक्रेत्याला फोन केला, कपलर दाबल्यावर आवाज बदलतो का विचारलं, तर म्हणाला त्यातले चार जाम आहेत. ३४/७२ वाला दुसरा बघतेय, रविवारी भाच्यालाच घेऊन जाते.

वसईवाला: मागून उघडून दाखवायला सांगा. मेण पांढरं पडून तडकलेलं दिसलं तर सरळ निघून या.