पहाटेची झोप मोडून सजग स्वप्न लांबते का?

धुळ्याची शिक्षिका

स्वप्नांवरच्या या गटावर परवा एका सदस्याने सल्ला दिला की पहाटे चारचा गजर लावावा, अर्धा तास जागे राहावे, गॅलँटामाइन या औषधाची गोळी घ्यावी आणि पुन्हा झोपून तासभराचे सुस्पष्ट सजग स्वप्न, म्हणजे आपण स्वप्नात आहोत हे कळत असलेले स्वप्न, पाहावे. त्याखाली 'उद्यापासून सुरू करतो' असे लिहिणाऱ्यांत मी शिकवते ती बारावीची मुले आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देणे मला भाग आहे.

आरईएम झोप, म्हणजे मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि ठळक स्वप्ने पडतात ती झोप, साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांनी येते. पहिल्या फेरीत ती जेमतेम ५ ते १० मिनिटे टिकते आणि पहाटेच्या फेऱ्यांत अर्ध्या-पाऊण तासापर्यंत वाढते. स्वप्नात काळ काही वेगाने पळत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्वप्नांचे संशोधक स्टीफन लाबर्ज यांनी झोपलेल्यांना सजग स्वप्नात दहा सेकंद मोजायला लावले, तेव्हा जागेपणी लागतो साधारण तेवढाच वेळ लागला. म्हणजे लांब स्वप्न हवे असेल तर पहाटेची झोपच लांब हवी. बाराला झोपून सहाला शिकवणी गाठणाऱ्या मुलाने चारला उठायचे ठरवले, तर त्याच्या हाती काय उरणार?

त्यात आपला उन्हाळा. आरईएममध्ये शरीराला स्वतःचे तापमान नीट सांभाळता येत नाही, त्यामुळे खोली तापलेली असली की हीच झोप आधी तुटते. मे महिन्यात पत्र्याखाली झोपणाऱ्याने गोळी शोधण्याआधी गच्चीवर अंथरूण टाकावे. माझी स्वप्ने स्पष्ट झाली ती लवकर दिवा मालवण्याची शिस्त लावल्यावर, आणि जाग येताच कूस न बदलता, डोळे मिटलेलेच ठेवून स्वप्न शेवटाकडून मागे आठवत नेण्याची सवय लागल्यावर.

जळगावचा अभ्यासक

ताई, तो सल्ला माझा आहे आणि मी तो मागे घेणार नाही. १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात संशोधक कीथ हर्न यांनी सजग स्वप्न पाहणाऱ्या झोपलेल्या माणसाने खूण म्हणून ठरवून केलेल्या डोळ्यांच्या हालचालींची नोंद मिळवली, तेव्हापासून हा विषय प्रयोगशाळेतला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२१ जणांनी मध्यरात्रीनंतर उठून, किमान अर्धा तास जागे राहून हीच पद्धत वापरली; औषधाविना १४ टक्के, ४ मिलिग्रॅमवर २७ टक्के आणि ८ मिलिग्रॅमवर ४२ टक्के लोकांना सजग स्वप्न पडले. नुसते लवकर झोपून हे घडत नाही.

स्वप्न टिकवण्याचे तंत्रही आपण वगळलेत. मी एकदा स्वप्नात तापीच्या पुलावर होतो. स्वप्न विरू लागले, पलीकडचा काठ पांढुरका होऊ लागताच दोन्ही तळवे जोरात चोळले, मग कठड्याच्या खरबरीत सिमेंटवरून बोटे फिरवली, तेव्हा आधी स्पर्श पक्का झाला आणि मागाहून पाण्याचा रंग परतला. लक्ष स्वप्नातल्या स्पर्शात गुंतले की अंथरुणातल्या शरीराची जाणीव वर येत नाही. स्वतःभोवती गिरकी घेतल्यानेही हेच साधते.

रावेरचा केळी उत्पादक

आपण दोघेही झोपेबद्दल असे बोलता, जणू ती ज्याच्या त्याच्या हातात असते. आमच्या शिवारात पंपाची थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. केळीला पाणी चुकवून चालत नाही, म्हणून एक-दोनला उठायचे, बॅटरी घेऊन बांधावरून जायचे आणि विंचूकाट्याच्या भीतीने पाय जपून टाकायचे. वर्षानुवर्षे अर्ध्या रात्री उठणाऱ्या आम्हा शेतकऱ्यांना सजग स्वप्ने पडत असतील, असे अभ्यासक महाशयांना खरेच वाटते काय? मला कसलेच स्वप्न आठवत नाही. सकाळी फक्त डोके जड असते. माझ्या भावाला तर अशाच जागरणानंतर दुचाकीवर डुलकी लागली आणि त्याचा हात मोडला. दिवसा वीज मागायला गेलो की आम्हाला पुढची तारीख मिळते. आधी त्यावर लिहा.

जळगावचा अभ्यासक

जिभाऊ, आपले दुःख खरे आहे, पण त्याचे खापर माझ्या पद्धतीवर का? माझ्या पद्धतीत माणूस पाच-सहा तास झोपून उठतो, मनात 'स्वप्नात आहे हे ओळखायचे' हा एकच संकल्प धरतो आणि पुन्हा निवांत झोपतो. आपण झोपेच्या पहिल्या टप्प्यातच उठता आणि पुन्हा पडलात तरी कान मोटारीकडे असतो.

रावेरचा केळी उत्पादक

मग 'पाच-सहा तास झोपून' हे शब्द आपल्या मूळ सल्ल्यात का नव्हते? आपण फक्त 'चारचा गजर' लिहिलेत. तीनला शेतातून परतणाऱ्यानेही तोच गजर लावायचा काय?

धुळ्याची शिक्षिका

दादांचा मुद्दा रास्त आहे आणि माझ्या मुलांनाही तोच लागू पडतो. गोळीबद्दलही बोला. गॅलँटामाइन हे अल्झायमरच्या रुग्णांना देण्याचे औषध आहे. त्याने मळमळ होते आणि हृदयाचे ठोके मंदावू शकतात. सतरा वर्षांच्या मुलाला हे न सांगता मात्रा सुचवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. तळवे चोळण्याचे आपले तंत्र मी मान्य करते, कारण त्यात कुणाचे नुकसान नाही.

जळगावचा अभ्यासक

वय अठराच्या वर, डॉक्टरांचा सल्ला आणि आधी पाच तासांची सलग झोप, या तीन अटी मूळ सल्ल्याच्या वर जोडतो. अठरापेक्षा लहानांनी फक्त आठवलेली स्वप्ने लिहिण्याची वही ठेवावी. पद्धत मात्र तीच राहील, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी ती सुट्टीच्या आदल्या रात्री करावी.

रावेरचा केळी उत्पादक

अटी वाचल्या, त्या ठीक आहेत. आज आमची वीज रात्री बाराला येणार आहे, त्यामुळे पुढचे उत्तर उद्या दुपारनंतर देईन.