ऑलिंपियाडचं पदक कोणाचं? क्लासचं, शाळेचं की शिबिराचं?

खडूफळा

परवा पालकांच्या एका गटात एक पोस्ट फिरत होती. सारांश सांगतो. गणित-विज्ञान ऑलिंपियाडमध्ये आपली मुलं चमकतात ती निव्वळ खासगी क्लासच्या सरांमुळे. शाळेतल्या मास्तरांना ते प्रश्न वाचूनही कळणार नाहीत. आणि ऑलिंपियाडची शिबिरं घेणाऱ्या मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं काम काय, तर तयार मुलं निवडायची आणि विमानात बसवायची. खाली अंगठ्यांचा पाऊस आणि 'अगदी मनातलं बोललात'.

माझी नोकरीची सगळी वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवण्यात गेली. ही पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

भारताचा संघ आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडला पहिल्यांदा गेला १९८९ साली. १९९६ ला तर यजमानपदच मुंबईकडे होतं. भौतिकशास्त्रात आपण १९९८ पासून, रसायनात १९९९ पासून, जीवशास्त्रात २००० पासून. गणिताची घडी बसली तेव्हा सहावीपासून 'फाउंडेशन बॅच' विकायचा आजच्यासारखा धंदा नव्हता. ती बसवली विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या प्राध्यापकांनी. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केलं. आरएमओच्या, म्हणजे प्रादेशिक गणित ऑलिंपियाडच्या, तयारीसाठी तिथे गेलेली कितीतरी मुलं आज स्वतः प्राध्यापक आहेत.

आता मार्गदर्शक नेमकं करतो काय ते सांगतो, कारण पोस्टवाल्यांना वाटतं की तो 'ट्रिक' देतो. एक जुना, प्रसिद्ध प्रश्न घ्या. १ ते १०० मधल्या कोणत्याही ५१ संख्या उचला. त्यांत अशा दोन सापडतातच की एकीने दुसरीला पूर्ण भाग जातो. का? वाईट शिक्षक फळ्यावर उत्तर लिहून मोकळा होतो. चांगला शिक्षक मुलाला अर्धा तास चाचपडू देतो आणि मग एवढंच म्हणतो, "प्रत्येक संख्येला २ ने भागत जा, जाईल तितक्या वेळा. शेवटी काय उरतं?" मूल लिहू लागतं. ४८ चे ३ उरतात, ९६ चेही ३, ४० चे ५. उरते ती नेहमी विषम संख्या. १०० पर्यंत विषम संख्या पन्नासच, आणि आपण उचलल्यात ५१. म्हणजे कुठल्यातरी दोघींचं उरलेलं सारखंच, फरक फक्त दोनाच्या घातांचा, म्हणून लहानीने मोठीला भाग जातोच. इथे मुलाचा चेहरा बघावा. हे काम शाळेच्या वर्गातही होतं. मी करणारे पाहिलेत.

लघुगणक

सर, तुमच्या वर्गात होत असेल. सगळ्या शाळांचा ठेका घेऊ नका.

माझ्या मुलाने सातवीत एक उदाहरण समीकरण न मांडता, आकृती काढून सोडवलं. उत्तर बरोबर. गुण शून्य. शेरा काय, तर 'पुस्तकातील पद्धतीने सोडवावे'. मी भेटायला गेलो तर बाई म्हणाल्या, बोर्डात असं चालत नाही, आत्तापासून सवय लावा. मूल घरी येऊन रडलं. त्यानंतर वर्षभर तो गणिताच्या तासाला तोंड उघडत नव्हता.

त्याला परत गणिताकडे आणलं ते क्लासच्या सरांनी. रात्री साडेनऊला बॅच सुटल्यावरही त्याच्यासोबत जिन्यात उभं राहून एकेका प्रश्नावर बोलायचे. पैसे घेतले, हो. घेऊ देत की! तो आयएनएमओपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय फेरीपर्यंत, पोचला त्या माणसामुळे. शाळेने काय केलं? निकाल लागल्यावर नारळ-शाल दिली आणि गेटवर फलक लावला. ती पोस्ट मला तर नव्वद टक्के पटली.

सह्यकडा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. त्या बाईंनी चूकच केली, पण त्यांच्या बाजूनेही कोणीतरी बोला. वर्गात साठ मुलं. मतदार यादीचं काम, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, रोज नवीन लिंक भरा, फोटो अपलोड करा. साठ वह्या तपासताना साठ वेगळ्या पद्धती समजून घ्यायला वेळ लागतो, आणि नेमका तोच आमच्याकडून काढून घेतलाय. क्लासच्या सरांना मतदार यादीसाठी बीएलओ म्हणून दारोदार पाठवा एकदा. मग तुलना करू.

लघुगणक

दर चर्चेत हेच. कामाचा बोजा खरा आहे, मान्य. पण बरोबर उत्तराला शून्य द्यायला वेळ कमी लागतो, असं नाही ना?

क्ष-अक्ष

मी भौतिकशास्त्राच्या शिबिरात होतो, मानखुर्दला. पुढे काही वर्षं शिकवायलाही गेलो. म्हणून आतली बाजू सांगतो.

'तयार मुलं निवडून विमानात बसवतात' हे वाचून वाईट वाटलं. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये ५० पैकी २० गुण प्रयोगाचे असतात. लेखी ३० ची तयारी क्लासमध्ये होते, बऱ्यापैकी चांगली होते. प्रयोगाची होत नाही. आमच्या तुकडीतल्या बऱ्याच मुलांनी अकरावी-बारावीत प्रयोगवही दुसऱ्याची बघून उतरवलेली होती. व्हर्नियर हातात धरता येत नव्हतं आणि फिरत्या चकतीचे अवघड प्रश्न मात्र चुटकीसरशी सुटत होते.

एक प्रसंग. आमच्या टेबलावरच्या मुलाने वाचनं घेतली, आलेख काढला. एक बिंदू रेषेपासून लांब पडला. त्याने खोडरबर उचलला. शेजारी उभे असलेले सर म्हणाले, "खोडू नकोस. परत वाचन घे." परत घेतलं, तरी तिथेच. "आता?" मुलगा म्हणाला, उपकरण बिघडलंय. सर म्हणाले, "मग बिघडलंय ते दाखव." शोधता शोधता दुपार गेली. शेवटी कळलं की दिवा तापल्यावर त्याचं वागणं बदलत होतं, आणि ती बाब मोजण्यासारखीच होती. सरांना हे आधीपासून ठाऊक होतं. तरी ते दुपारभर गप्प राहिले.

असे प्रयोग बाजारात तयार मिळत नाहीत. देशभरातल्या कॉलेजांतले प्राध्यापक केंद्रात बोलावले जातात आणि बसून प्रश्न, प्रयोग तयार करतात. प्रयोगशाळेतले सहायक एकेक जोडणी करून तपासतात. २०१८ ला लिस्बनमध्ये पाचही मुलांना सुवर्ण मिळालं, पहिल्यांदाच. पेपरात पाच चेहरे आले. त्या सहायकांचं नाव कुठल्याच बातमीत मी वाचलं नाही.

मायमराठी

सगळं छान आहे, पण मूळ मुद्द्याला कोणी हात लावत नाही. हे सगळं इंग्रजीत. शिबिर इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, सर बोलणार इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या मुलाला 'डिव्हिजिबिलिटी' म्हणजे विभाज्यता हे कळेपर्यंत परीक्षेचा वेळ संपतो. क्लास विरुद्ध शाळा हे भांडण शहरातल्या इंग्रजी माध्यमवाल्यांचं आहे. आमची मुलं त्या दारापर्यंतच येत नाहीत.

लघुगणक

आलात भाषेवर! गणिताला भाषा लागत नाही हो.

मायमराठी

लागत नाही? 'at most', 'at least', 'exactly one' यातला फरक न कळून माझ्या भाच्याचे दोन प्रश्न गेले. दोन्ही त्याला मराठीत तोंडी विचारले तेव्हा त्याने जेवता जेवता सोडवले. तुमच्या मुलाच्या शून्याबद्दल तुम्हाला राग येतो. माझ्या भाच्याच्या दोन प्रश्नांचं काय?

त्रिज्या

इथे मायमराठींच्या बाजूने एक गोष्ट सांगते. प्रत्यक्ष आयएमओमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये, प्रश्नपत्रिका पन्नासहून जास्त भाषांत निघते. प्रत्येक देशाचे संघनेते आधी एकत्र येऊन प्रश्न ठरवतात, मग आपापल्या भाषेत भाषांतर करतात. प्रश्न माहीत असल्यामुळे परीक्षा होईपर्यंत त्यांना स्वतःच्याच मुलांपासून दूर ठेवतात. मूल उत्तरही स्वतःच्या भाषेत लिहितं. नंतर संघनेता आणि उपनेता त्या उत्तरपत्रिका घेऊन गुण ठरवणाऱ्या समन्वयकांसमोर बसतात आणि मुलाने काय सिद्ध केलंय ते ओळ न् ओळ समजावतात. दर प्रश्नाला ७ गुण, त्यातल्या एकेकासाठी चर्चा. म्हणजे जगातल्या सर्वांत अवघड पायरीवर भाषेची अडचण नाही, ती आपल्याकडे खालच्या पायऱ्यांवर आहे.

सह्यकडा

हे माहीत नव्हतं. मग आमच्या मुलांना आयओक्यूएमची, म्हणजे पहिल्या चाळणी परीक्षेची, तयारी तरी मराठीतून का नको?

लघुगणक

कारण पुढे आयआयटीत इंग्रजीच आहे. आज लाड करून उद्या कुठे जाणार? सेमी-इंग्रजी त्यासाठीच आणलं ना?

मायमराठी

सेमी-इंग्रजी! त्याने काय झालं ते शिक्षकांना विचारा. गणिताचं पुस्तक इंग्रजी, शिकवणं मराठी, परीक्षेत पाठ केलेली वाक्यं. मूल ना इकडचं ना तिकडचं. आणि 'लाड' हा शब्द मागे घ्या. आईच्या भाषेत विचार करणं हा लाड नाही.

खडूफळा

शब्द जपून वापरा दोघेही. सेमीबद्दल माझं मत मायमराठींसारखंच आहे, पण एक पुस्ती जोडतो. माझ्या वर्गात सेमीची मुलं 'therefore' लिहायला शिकली, म्हणून सिद्धता लिहायला शिकली असं झालं नाही. 'यावरून' लिहिणाऱ्यालाही ते शिकवावंच लागतं. भाषा दोन्हीकडे कच्ची राहते ती पूर्ण वाक्यात उत्तर लिहायला कोणी लावत नाही म्हणून. रिकाम्या जागा आणि पर्याय. पर्यायांवर वाढलेलं मूल आरएमओत तीन तास कोऱ्या कागदाकडे बघत बसतं. याला क्लासही जबाबदार आहेत.

लघुगणक

सगळे क्लास नव्हे. आमच्या सरांनी पर्याय झाकून सोडवायला लावलं.

एक आई

मी मधेच बोलते. भाषा, क्लास, शाळा सगळं झालं. मुलींबद्दल कोणी एक ओळ लिहिली नाही. माझी मुलगी आरएमओच्या तयारीला जायची, तेव्हा बॅचमध्ये ती आणि अजून एक. ती दुसरी सोडून गेली, कारण रविवारी संध्याकाळी परत यायला उशीर व्हायचा आणि घरचे सोडेनात. मुलींसाठीची युरोपियन ऑलिंपियाड, ईजीएमओ, आहे आणि भारत २०१५ पासून तिथे संघ पाठवतो, हे मला शाळेने नाही सांगितलं, क्लासनेही नाही. सांगितलं शिबिरात आधी गेलेल्या एका मुलीने. तेव्हा ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. रात्री अकराला फोनवर माझ्या लेकीशी भूमितीवर बोलायची. एक रुपया घेतला नाही. पदक कोणाचं विचारताय, तर माझ्या घरात ते त्या पोरीचं आहे.

क्ष-अक्ष

ताई, अगदी हेच. शिबिरांचा कणा ही पोरंच आहेत. काल स्वतः परीक्षा दिलेली, आज शिकवायला आलेली. मूल कुठे अडेल हे त्यांना प्राध्यापकांपेक्षा आधी कळतं, कारण ती स्वतः तिथेच अडलेली असतात.

लघुगणक

विशीतल्या मुलांवर एवढा भरवसा? शिकवणं हा अनुभवाचा विषय आहे.

त्रिज्या

अनुभव हवाच, म्हणून तर सोबत प्राध्यापक असतात. पण २०२४ च्या आयएमओत, इंग्लंडमधल्या बाथमध्ये, भारत चौथा आला, चार सुवर्ण, एक रौप्य. ही उंची एकट्यादुकट्या गुरूने गाठून दिलेली नाही. एका पिढीने पुढच्या पिढीला शिकवत राहिल्याचा तो परिणाम आहे. रशियात थोर गणिती कोल्मोगोरोवने १९६३ साली मॉस्कोत गणिताची निवासी शाळा काढली, तिथेही तरुण गणितींनाच शाळकरी पोरांसमोर उभं केलं होतं.

लघुगणक

ठीक. प्रयोगाचं मान्य करतो, तिथे क्लासवाले कमी पडतात. जुनी मुलं शिकवतात हेही बरं आहे. पण शाळेला श्रेय? अजून नाही. ज्या शाळेने माझ्या मुलाचं तोंड बंद केलं तिला मी एक टक्काही देणार नाही, तुम्ही कितीही इतिहास सांगा.

खडूफळा

त्या शाळेला देऊच नका. मीही देत नाही. पण तुमच्या मुलाने आकृती काढून उदाहरण सोडवलं, ते त्याला चौथी-पाचवीत कोणी करू दिलं होतं? एकदा विचारून बघा.

लघुगणक

विचारलं. चौथीच्या बाईंचं नाव घेतलं त्याने. त्या वर्षभरच होत्या, मग बदली झाली. त्यांना देतो. शाळेला नाही.

सह्यकडा

बदली झाली, यातच सगळं आलं. असो. मायमराठी, जुन्या आरएमओच्या प्रश्नपत्रिका होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मी पाच वर्षांच्या पेपरांचं मराठी करायला घेतो. तुम्ही भाषा तपासाल?

मायमराठी

तपासते. 'at least' साठी सगळीकडे 'किमान' ठेवू, 'कमीत कमी' नको, मुलं गोंधळतात. आणि गणित कोण तपासणार?

क्ष-अक्ष

मी. संख्या सिद्धांताचे, म्हणजे विभाज्यता वगैरेचे, प्रश्न आधी पाठवा, तिथे शब्द थोडे लागतात.

लघुगणक

भूमितीचे माझा मुलगा बघेल. त्याला आकृत्या काढायला अजूनही आवडतात.