आधी पूर्ण सेट, मग पैसे? हे चालणार नाही

डिचोलीचा ड्राफ्ट्समन: काल एका आर्किटेक्टबाबांनी सल्ला दिला, "ऑनलाइन ड्राफ्टिंगवाल्याला आगाऊ दमडी देऊ नका. ड्रॉइंगचा पूर्ण सेट घ्या, तपासा, मग बघा." वाचून डोकं फिरलं. प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन रात्र जागून काढायचे आणि सेट हातात पडला की समोरचा फोन उचलत नाही. एका कार्यालयाने माझ्याशी हेच केलं. बांधकामाचं लायसन्स आलं, स्लॅब झाला, माझे पैसे अजून यायचेत. माझी अट साधी आहे. सुरुवातीला 30 टक्के, पीडीएफ बघून 40, बाकी मिळाले की डीडब्ल्यूजी, म्हणजे बदल करता येणारी मूळ कॅड फाइल.

फोंड्याचा आर्किटेक्ट: ते मीच लिहिलं आणि आजही तेच म्हणतो. राजांगणाचं जुनं घर होतं, चिऱ्यांच्या भिंती दीड फूट जाड. स्केचवर प्रत्येक भिंतीची जाडी लिहून पाठवली होती. ड्रॉइंग आलं त्यात सगळीकडे 230 मिमी, म्हणजे पाऊण फूट! खोल्यांची आतली मापं बरोबर, त्यामुळे कागदावर घर आकसलं आणि सेटबॅक, म्हणजे हद्दीपासून सोडलेली मोकळी जागा, प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसायला लागला. अर्धे पैसे घेऊन गडी गायब. विश्वास कुणी कुणावर ठेवायचा?

डिचोलीचा ड्राफ्ट्समन: मग आधी एकच खोली काढून घ्या, तिचे पैसे द्या. तिथेच भिंत कळली असती. एकाने बुडवलं म्हणून सगळ्यांना चोर ठरवू नका.

मडगावची अकाउंटंट: ड्राफ्ट्समनबाबा, तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आहे का? 2006 च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे पैसे लांबवता येत नाहीत, करार नसेल तर 15. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आणि काम मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ते स्वीकारलं असंच धरतात.

फोंड्याचा आर्किटेक्ट: कायदा शिकवू नका, ताई. खरा त्रास डीडब्ल्यूजी अडवण्याचा आहे. डिझाइन माझं, मापं माझी, मग फाइल तुमची कशी?

डिचोलीचा ड्राफ्ट्समन: फाइलमधल्या रेघा माझ्या आहेत. लेयर, ब्लॉक मी बसवलेत. डीडब्ल्यूजी गेली की माझ्या हातात काय उरतं?

वास्कोचा स्ट्रक्चरल इंजिनियर: तुमच्या भांडणात आम्ही मरतो! कॉलम लेआउट पीडीएफवरून काढू? फाइल अडवणाऱ्यांशी मी काम करणंच सोडलंय.

डिचोलीचा ड्राफ्ट्समन: पैसे अडवणाऱ्यांशी मी सोडलंय. तुमच्या क्लायंटला सांगा ना पैसे द्यायला.

मडगावची अकाउंटंट: बाबांनो, कॉपीराइट कायद्यात प्लॅनसुद्धा येतो आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखीच द्यावा लागतो. "शेवटचा हप्ता जमा झाला की फाइल आणि हक्क आर्किटेक्टचे" हे एक वाक्य वर्क ऑर्डरमध्ये घालायला काय जातं?

फोंड्याचा आर्किटेक्ट: घालीन. पण 30 नाही, 20 टक्के, तेही नमुना खोली बघून. तिचे पैसे देईन, एवढं मान्य. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या त्याच रकमेत.

डिचोलीचा ड्राफ्ट्समन: 20 घेतो. पण माझी चूक किंवा नगर नियोजन खात्याची हरकत असेल तरच फेरी. क्लायंटच्या बायकोला स्वयंपाकघर पूर्वेला हवं झालं, तर त्याचे पैसे वेगळे.