मदत हवी आहे: ‘गुन्हेगारी’ म्हणजे दंड, हा अर्थ कधी गेला?

मोडी वाचणारे किंवा जुन्या कागदपत्रांत रमणारे कुणी आहे का इथे? पेशवेकालीन जमाखर्चाच्या कागदांत ‘गुन्हेगारी’ ही चक्क जमेची बाब असते. म्हणजे गुन्हा केल्याबद्दल वसूल केलेला दंड! आज आपण ‘शहरात गुन्हेगारी वाढली’ म्हणतो. त्या काळच्या कारकुनाने हे वाक्य ऐकून खूश होऊन तिजोरीकडे पाहिलं असतं.

‘गुन्हा’ फारसी ‘गुनाह’वरून आला, आपल्या तोंडी ‘ह’ने फक्त जागा बदलली, इथपर्यंत ठीक. त्याच्या मागे पहलवीत, म्हणजे फारसीच्या जुन्या रूपात, ‘विनाह’ आहे आणि तो आपल्या ‘विनाश’चा नातलग. जुन्या इराणीतल्या ‘वि’चा फारसीत ‘गु’ होतो. संस्कृत ‘वृक’ म्हणजे लांडगा, त्याचा फारसी भाऊ ‘गुर्ग’, तसंच हे. मला हा भाग फार आवडतो, पण अडलंय दुसरीकडेच.

फारसीत ‘गुनाह’ म्हणजे मुख्यतः पाप. कायद्याच्या गुन्ह्याला तिकडे ‘जुर्म’ आहे. मराठीत मात्र पापाला ‘पाप’च राहिलं आणि ‘गुन्हा’ थेट चावडीवर, आता पोलीस ठाण्यात जाऊन बसला. हा बदल दरबारी भाषेमुळे झाला असावा, असं आपलं मला वाटतं.

तर, दंड या अर्थाची ‘गुन्हेगारी’ इंग्रजी अमलातल्या मराठी कागदांत कुणी पाहिली आहे का? आणि गावाकडच्या बोलीत कुठे अजून टिकून आहे का? वाक्यासकट सांगितलंत तर उत्तम.