'माल' प्रकारच्या व्हेरिएबलमधून संत्र्याचा बहार कसा वाचावा?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)
नमस्कार. कळमना बाजारात येणाऱ्या मालाच्या नोंदी ठेवणारा छोटा प्रोग्राम मी जावामध्ये लिहीत आहे. 'माल' या मूळ क्लासमध्ये वजन आणि भाव आहेत; त्यापासून 'संत्रा' आणि 'मिरची' हे क्लास काढले असून संत्र्याला 'बहार', म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम आंबिया की मृग, ही जास्तीची प्रॉपर्टी आहे. सगळ्या नोंदी 'माल' प्रकारच्या एकाच यादीत आहेत. पहिली नोंद संत्र्याचीच आहे हे मला ठाऊक असूनही तिचा बहार वाचायला गेलो की कंपायलर अडवतो. बहार सरळ 'माल'मध्येच ठेवावा का?

उत्तर १
ऑब्जेक्ट संत्र्याचाच आहे आणि त्यातला बहारही जागच्या जागी आहे; परंतु कंपायलर व्हेरिएबलचा घोषित प्रकार तेवढा पाहतो, आणि लूपच्या पुढच्या फेरीत त्याच व्हेरिएबलमध्ये मिरची येऊ शकत असल्याने बहार असेलच असे तो धरून चालत नाही. आधी इन्स्टन्सऑफने, म्हणजे ऑब्जेक्ट अमुक क्लासचा आहे का हे सांगणाऱ्या जावाच्या ऑपरेटरने, तपासावे, मग कास्ट करावे, म्हणजे त्याला 'संत्रा' प्रकारचा म्हणून वापरावे. न तपासता केले आणि मिरची निघाली, तर प्रोग्राम चालू असताना क्लासकास्टएक्सेप्शन ही चुकीच्या कास्टची त्रुटी येईल. जावा १६ पासून ही दोन्ही कामे एकाच ओळीत होतात.

बहार 'माल'मध्ये मात्र कृपया ठेवू नका. भिवापुरी मिरचीच्या प्रत्येक नोंदीत तो रिकामा राहील आणि पुढे कोणीतरी तो खरा मानून वाचेल.

उत्तर २
बहार नेमका कशासाठी हवा आहे? पावतीवर छापायचा असेल, तर 'माल'मध्ये पावतीची ओळ देणारी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मेथड (फक्त नाव घोषित केलेली, आतला कोड नसलेली) ठेवून ती प्रत्येक क्लासमध्ये आपापल्या परीने लिहावी. मग उद्या मोसंबी आली तरी यादी फिरवणाऱ्या कोडला हात लावावा लागत नाही.

एक सावधगिरी बाळगा : जावामध्ये मेथड ओव्हरराइड होते, म्हणजे मूळ क्लासच्या मेथडऐवजी ऑब्जेक्टच्या क्लासमधली चालते; फील्ड, म्हणजे वजन-भावासारखी साठवलेली माहिती, ओव्हरराइड होत नाही. 'भाव' हे फील्ड 'संत्रा'मध्ये पुन्हा घोषित केले, तर 'माल' प्रकारच्या व्हेरिएबलमधून 'माल'चाच भाव मिळतो. माझ्या पहिल्या नोकरीत अशा दुहेरी फील्डमुळे बिलावर शून्य भाव छापला जात होता आणि कारण सापडायला दोन दिवस लागले.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. पावतीसाठी मेथड लिहिली. मृग बहाराची संत्री वेगळी काढायची आहेत, तिथे काय करावे?

उत्तर २
तो प्रश्न फक्त संत्र्यालाच लागू आहे, म्हणून तिथे इन्स्टन्सऑफ योग्यच. ती तपासणी एकाच मेथडमध्ये ठेवा, म्हणजे कास्ट कोडभर पसरणार नाहीत.