एम.फार्म. प्रोजेक्ट: हायड्राझोनवर विषय सुचवा

फार्मसी_सांगली: फार्मास्युटिकल केमिस्ट्री, दुसरं वर्ष. आयसोनियाझिड या क्षयावरच्या जुन्या औषधाचे वेगवेगळ्या आल्डिहाइडांबरोबर हायड्राझोन (आल्डिहाइडशी नायट्रोजन-नायट्रोजनची जोडी जुळून बनणारी संयुगं) करून ते क्षयावर तपासावेत, असं डोक्यात आहे. कॉलेजात एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आहे, एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी चाचणी) बाहेरून करून आणावा लागतो. जाणकारांनी कृपया सांगावं, यात करण्यासारखं काही उरलंय का?

मात्रा_वळसा: नुसती आल्डिहाइडं बदलून वीस संयुगं करणार असाल तर नका करू. व्हॅनिलिनपासून केलेलं फ्टिवाझिड सोव्हिएत संघात क्षयावर दिलंही जायचं. शिवाय असा हायड्राझोन फुटला की आयसोनियाझिडच सुटतं. मग दिसलेला गुण नव्या रेणूचा की जुन्याचा, हे परीक्षक विचारणारच.

एचपीएलसी हाताशी आहे तर क्षयाच्या एकत्रित गोळीवर (एकाच गोळीत अनेक औषधं) काम करा. त्यातलं क्षयाचं दुसरं औषध, रिफॅम्पिसिन, स्वतःच हायड्राझोन आहे. जठरातल्या आम्लात फुटून त्याचं ३-फॉर्मिल रिफामायसिन (आल्डिहाइड असलेला तुकडा) होतं. त्याच गोळीत आयसोनियाझिड असेल तर ते या तुकड्याशी जुळून वेगळा हायड्राझोन तयार होतो. तो पुढे फुटला तर आयसोनियाझिड परत मिळतं, रिफॅम्पिसिन मात्र गेलं ते गेलं. एकत्रित गोळी ०.१ नॉर्मल एचसीएलमध्ये (जठरासारख्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात) ३७ अंशांवर ठेवा, थोड्या थोड्या वेळाने नमुने काढा; एचपीएलसीच्या आलेखात रिफॅम्पिसिनचा पीक (उंचवटा) उतरताना आणि नवे पीक चढताना दिसतील. मग आयसोनियाझिडवर आम्लात न विरघळणारं कोटिंग देऊन तुलना करा. आपल्याकडे क्षयाचे रुग्ण रोज अशाच एकत्रित गोळ्या घेतात, म्हणून हे काम मला मोलाचं वाटतं.

बेंझीन_कडी: वरच्या सल्ल्याला माझाही दुजोरा. प्रस्तावनेत याच फुटण्याचा उपयोग कसा करून घेतलाय तेही लिहा. रक्तकर्करोगावरच्या मायलोटार्ग या औषधात प्रतिपिंड आणि विषारी औषध यांना जोडणारा दुवा हायड्राझोनचा आहे: रक्तात बऱ्यापैकी टिकावा, पेशीतल्या आम्लधर्मी लायसोसोममध्ये (पचन करणाऱ्या पिशवीत) तुटावा. अमेरिकेत २००० मध्ये मान्यता, २०१० मध्ये माघार, २०१७ मध्ये कमी मात्रेत पुन्हा मान्यता.

फार्मसी_सांगली: दोघांचेही मनापासून आभार! गोळीचाच विषय गाईड मॅडमना दाखवते. एक शंका: सरावासाठी केलेल्या हायड्राझोनचा टीएलसीवर (शुद्धता पाहायच्या पातळ थराच्या पट्टीवर) एकच ठिपका येतो, पण एनएमआरमध्ये एन-एचचे दोन सिग्नल आहेत. अशुद्ध आहे का?

मात्रा_वळसा: लगेच शुद्धीकरणासाठी कॉलम लावू नका. तुमच्यासारख्या ॲसिल हायड्राझोनमध्ये (ज्यात नायट्रोजनशेजारी C=O असतो) अमाइड बंधाभोवतीची दोन रूपं बऱ्याचदा अशीच वेगळी दिसतात. डीएमएसओ या द्रावकात तापमान वाढवून एनएमआर काढून घ्या. सिग्नल एकमेकांत मिसळले तर संयुग एकच आहे.