टीव्ही निकाल सांगतो, रीत सांगत नाही

तापीकाठ (मूळ धागा)

परवा एका माध्यमवाल्याची पोस्ट वाचली आणि डोकं तापलं. सार एवढंच: "आपल्या भागातल्या प्रेक्षकाला ग्रह-तारे समजून घ्यायचे नसतात, नुसते बघायचे असतात. चांद्रयानाच्या संध्याकाळी वाहिन्यांनी कितीही तमाशा केला, तरी जळगाव-धुळ्यात टपरीटपरीवर लोक टीव्हीला चिकटले होते ना? मग झालं, विज्ञान पोचलं. नारळीकर-यशपाल छाप शास्त्रज्ञांची मास्तरकी आता कोण बघतो?" तिथे दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा धागा.

२३ ऑगस्ट २०२३. चांद्रयान-३ चं ‘विक्रम’ चंद्रावर उतरलं संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी. त्याआधी वाहिन्यांच्या हातात तास होते. दाखवलं काय? अंतराळवीराचा पोशाख चढवलेला निवेदक, होमहवन आणि ‘पुढची काही मिनिटं श्वास रोखून’ हे वाक्य पुन्हा पुन्हा. सांगण्यासारखं नव्हतं का? भरपूर होतं. २०१९ मध्ये चांद्रयान-२ ला उतरायला ५०० मीटर बाय ५०० मीटरचा तुकडा ठरवला होता, या वेळी ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर. पाचातलं मधलं इंजिन काढून टाकलं, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं. आधी कुठे फसलं आणि त्यातून काय बदललं, ही आयती गोष्ट समोर पडली होती. तोच दिवस का निवडला? कारण त्या जागी नुकताच सूर्य उगवला होता आणि यान उन्हावर चालणारं. तिथला दिवस आपल्या १४ दिवसांएवढा, तेवढ्यात काम उरकायचं. शेतात सोलर पंप असलेल्या माणसाला हे कळायला किती वेळ लागेल? आणि ‘दक्षिण ध्रुवावर उतरलं’ म्हणून किती बोंबललात! उतरलं ते साधारण ६९ अंश दक्षिणेला. ध्रुव ९० अंशावर असतो, हे सहावीच्या भूगोलात आहे.

सोपं करायला माझा विरोध नाही. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनने १९८० मध्ये ‘कॉसमॉस’ ही टीव्ही मालिका केली, १३ भाग, सामान्य माणसासाठीच. पहिल्याच भागात इजिप्तचा नकाशा हातात, त्यावर दोन खांब. नकाशा सपाट धरला की दोन्ही सावल्या सारख्या, वाकवला की वेगळ्या. पृथ्वी गोल आहे आणि केवढी आहे, हे प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनीसने कसं काढलं ते एका पुठ्ठ्यावर. समीकरण नाही, बडबड नाही. आपल्या वाहिन्या फक्त निकाल सांगतात. ‘कशावरून?’ हा प्रश्न त्यांच्या स्टुडिओत शिरतच नाही.

केळीवाला_रावेर

भाऊ, पोस्ट झकास, पण गोम अशी आहे की नारळीकरांच्या वेळी आमच्याकडे वाहिनीच एक होती. आम्ही ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटीसुद्धा शेवटपर्यंत बघायचो. नारळीकरांची ‘ब्रह्मांड’ मालिका लोकांनी पाहिली ती पुढे दुसरं काही लागेल या आशेने. आज रिमोट हातात आहे, मोबाइल खिशात आहे. तुमचा पुठ्ठा आणि खांब लावले की माणूस अर्ध्या मिनिटात कुस्तीवर जाईल. जाहिरात कोण देईल? तुम्ही देता का?

आणि सोलर पंपाचं नावच काढू नका. माझा अर्ज कुठे अडकलाय ते इस्रोलाही सापडणार नाही.

संध्या_धुळे

दोघांनाही थोडं थोडं. सप्टेंबर १९९५ मध्ये गणपती दूध प्यायला तेव्हा आमच्या गल्लीत चमच्यांची रांग लागली होती, आई सगळ्यात पुढे. मग टीव्हीवर आलं की दिल्लीत शास्त्रज्ञांनी रंग घातलेलं दूध मूर्तीला लावून बघितलं, तर ते पृष्ठताणामुळे चमच्यातून खेचलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळतं. भावाने लगेच दुधात शाई घालून घरच्या गणपतीवर तेच केलं. फटके खाल्ले, पण आईने पाहिलं. पुढच्याच महिन्यात, ऐन दिवाळीत, २४ ऑक्टोबरला सूर्यग्रहण. दूरदर्शनवर थेट, यशपाल बोलत होते. आमचं घर ग्रहणात दार न उघडणारं. आईने अख्खं ग्रहण टीव्हीवर बघितलं, मात्र अंगणात पाऊल टाकलं नाही. टीव्हीवर बघितलं तर दोष लागत नाही, असा निवाडा तिचा तिनेच दिला!

तेव्हा टीव्हीने काही होत नाही असंही नाही आणि सगळं होतं असंही नाही. मला तर तो निवाडा अजूनही भारी वाटतो.

शहाद्याचा_मास्तर

ताई, तुमच्याकडे निदान टीव्ही शास्त्रज्ञांच्या बाजूने तरी होता. आमचं ऐका. २२ जुलै २००९, खग्रास सूर्यग्रहण. सुरतेवरून आलेला सावलीचा पट्टा आमच्या नंदुरबार-शहाद्यावरून गेला. लोक त्यासाठी बिहारपर्यंत गेले आणि तिथे ढग बघून आले, इथे ते दारात आलं होतं. मी पोरांना पहाटे मैदानावर बोलावलं होतं. आदल्या रात्री एका वाहिनीवर बाबा बसला आणि कोणत्या राशीने काय टाळायचं याची यादी वाचली. गर्भवतीने हे करू नये, लहान मुलांनी ते करू नये. सकाळी मैदानावर बोटावर मोजण्याइतकी पोरं. ढग होतेच, सूर्य दिसला नाही. पण साडेसहाच्या आत भरल्या उजेडाचा अंधार झाला, पाखरं परत झाडात शिरली, एक पोरगा घाबरून माझ्या हाताला लटकला. त्या पट्ट्यातली हजारो पोरं त्या वेळी घरात पडदे लावून टीव्हीवर वाराणसीचं ग्रहण बघत होती.

आणि हो, ‘दोन्ही बाजू’! एकीकडे शास्त्रज्ञ, एकीकडे ज्योतिषी, मध्ये निवेदक. नारळीकरांनी ज्योतिषाची रीतसर चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून दिल्या, कोणती कोणाची ते ओळखा. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर ५० आले असते. ही ‘दुसरी बाजू’ किती वाहिन्यांनी दाखवली?

पाटण_चाळीसगाव

सगळे सेगन, इजिप्त, एराटोस्थेनीस करताय. आपल्या चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीला भास्कराचार्य होऊन गेले, त्यांचं नाव एकालाही आठवलं नाही? ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’त गुरुत्वाकर्षण लिहिलं, ‘आकृष्टिशक्तिश्च मही’. न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी! त्यावर मालिका काढा, खान्देश घराघरात बघेल. पण नाही, आपल्याला गोऱ्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय पटत नाही.

गणिती_जळगाव

झालं सुरू. पाटणकर, श्लोक पुढे वाचा. पृथ्वीत आकर्षणशक्ती आहे, ती आकाशातली जड वस्तू स्वतःकडे खेचते, म्हणून ती पडल्यासारखी वाटते. मोठाच विचार आहे, वादच नाही. पण न्यूटनने १६८७ मध्ये सांगितलं ते हे की झाडावरून पडणारी वस्तू आणि चंद्र यांना एकच नियम लागू आहे, आणि ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते. त्याचं गणित करून दाखवलं. भास्कराचार्यांची पृथ्वी स्थिर आहे, ग्रह तिच्याभोवती. दोन्ही एकच म्हणणं म्हणजे दोघांचाही अपमान.

शिवाय जन्म पाटणचा, हे कुठे ठरलंय? त्यांनी गाव दिलंय विज्जलविड, सह्याद्रीच्या आश्रयाचं. विजापूरवालेही दावा सांगतात.

पाटण_चाळीसगाव

शिलालेख काय विजापुरात आहे का? पाटणच्या देवळात आहे. १२०७ चा. नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, निकुंभ राजा सोईदेवाने दान दिलं. डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. पुण्याला दोन वर्षं काढून आले की लोकांना घरचा शिलालेखही दिसेनासा होतो.

गणिती_जळगाव

मी पुण्यात किती वर्षं काढली याचा हिशेब तुम्हाला नको. शिलालेखातून मठ नातवाचा, एवढं सिद्ध होतं. आजोबाचा जन्म तिथला, हे त्यात कुठे आहे ते ओळ दाखवून सांगा, मी गप्प बसतो. आणि त्या शिलालेखाची काळजी असेल तर पाटणादेवीच्या वाटेवर पावसाळ्यात एकदा गाडी घालून बघा.

पाटण_चाळीसगाव

रस्त्याचं मला सांगताय? मी रोज जातो त्या रस्त्याने. तुमच्यासारखे सहलीला येत नाही.

संपादक

वैयक्तिक नको. पुढचा असा प्रतिसाद उडेल. रस्त्यांसाठी वेगळा धागा आहे, तो भरत आलाय.

जिभाऊ

तुम्हना शिलालेख ऱ्हाऊ द्या. मन्ही माय आज बी इचारस, चांदवर पानी शे का? तिले टीव्हीवाला ‘अवतरण’ नि ‘कक्षा’ सांगस, का ती टीव्ही बंद करी टाकस. आहिराणीत हसायचे व्हिडिओ लाखो लोक बघतात, मालेगाव-धुळ्याची पोरं मोबाइलवर करतात. त्यात कोणाला जाहिरातीची चिंता नाही. चांद आहिराणीत सांगायला कोणी बंदी केली का? मास्तर, तुम्ही बोला ना कॅमेऱ्यासमोर.

खान्देशाला कायम उरलंसुरलं. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून २४०० खेड्यांत टीव्ही दाखवायचा प्रयोग झाला, यशपालच त्यात पुढे. सहा राज्यं घेतली. शेजारचं मध्य प्रदेश होतं, महाराष्ट्र नव्हतं. सातपुड्याच्या पलीकडे टीव्ही, अलीकडे कंदील.

तापीकाठ

जिभाऊंचं शंभर टक्के मान्य. पाटणकर आणि गणिती, माझ्या धाग्याचं तुम्ही देऊळ केलंत, पण त्यातही माझाच मुद्दा निघतो. ‘न्यूटनच्या आधी’ हा निकाल आहे. तो फॉरवर्ड होतो. ‘सिद्धान्तशिरोमणी’च्याच गोलाध्याय या भागात भास्कराचार्य विचारतात: पृथ्वीला आधार लागतो म्हणता, तर त्या आधाराला कोणाचा आधार? आणि त्याला? हे कधी संपणार? पृथ्वी गोल, मग सपाट का दिसते? तर परिघाचा शंभरावा भाग सपाटच वाटतो, आणि माणूस एवढासा. हे लिहिणारा माणूस ‘कशावरून’ विचारणाऱ्यांतला. यंत्रांच्या अध्यायात नुसत्या काठीने उंची मोजायला शिकवतात, तिला नाव धीयंत्र. ती काठी घेऊन पाटणादेवीच्या आवारात देवळाचा कळस मोजणारी पोरं दाखवा टीव्हीवर. केळीवाले, तेव्हाही कुस्ती लावाल?

केळीवाला_रावेर

कळस मोजायला लावलंत तर बघेन, पण पोरं रावेरची घ्या, चाळीसगावची नको, त्यांना आधीच सगळं माहीत असतं.

बरं, तुमचं एक मान्य करतो, नाइलाजाने. भारनियमनाच्या दिवसांत बारा-बारा तास वीज नसायची तेव्हा गच्चीवर झोपायचो. आकाशगंगा दिसायची, आणि आमचे आजोबा ‘तो पट्टा काय आहे’ विचारायचे. सांगणारं कोणी नव्हतं. टीव्ही असता तर त्यानेही सांगितलं नसतं, कारण वीज नव्हती. वीज होती तेव्हा मालिका होती.

शहाद्याचा_मास्तर

जिभाऊ, कॅमेऱ्यासमोर बोलतो. आहिराणी माझी नंदुरबारकडची, धुळेकर हसतील. हसू द्या. पण चित्रीकरण कोण करणार ते आधी ठरवा.

पाटण_चाळीसगाव

पोरगा माझा करेल, ड्रोन आहे त्याच्याकडे. पण पहिला भाग पाटणचा. आणि त्यात ‘जन्मस्थान’ म्हणायचं.

गणिती_जळगाव

‘मठाचं स्थान’ म्हणा, मी संहिता फुकट तपासून देतो.

पाटण_चाळीसगाव

जन्मस्थान.

संध्या_धुळे

पुठ्ठा आणि खांब मी आणते, तुम्ही भांडत बसा.